टेबल तुझं आहे, पण ते इतरांना वाचता येतंय का?

पत्र असं आहे: “ताई, मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टुडिओत प्रत्येकाला वर्षभरासाठी एक टेबल आणि एक लॉकर देतात. गेल्या शनिवारी झाडलोट झाली त्यात माझं तीन दिवस खपून केलेलं स्टडी मॉडेल, म्हणजे डिझाइनचा कच्चा नमुना, कचऱ्यात गेलं. शेजारचा मित्र सबमिशन आलं की माझ्या टेबलावर सरळ कटर चालवतो, सनमायकावर चरे पडलेत. पावसाळा लागल्यापासून शीट वाकतात, लॉकरला कुबट वास येतो. वर्ष संपताना टेबल तपासून डिपॉझिट परत देतात, तेव्हा हे चरे माझ्याच नावावर लागणार. सगळे आपलेच, भांडायचं कुणाशी? – त्रस्त, कर्वेनगर.”

प्रिय त्रस्त,

झाडलोट करणाऱ्या मावशींची चूक नाही, हे आधी सांगून टाकते. राग आला तर येऊ दे. स्टडी मॉडेल दिसतं कसं ते आठव. ग्रे बोर्डाचे चार तुकडे पेपर टेपने कसेबसे धरलेले, एका बाजूला पेन्सिलीची खरड, दुसऱ्या बाजूला चहाचा डाग. तुला त्यात खुर्चीच्या पाठीचा कोन दिसतो. झाडू घेऊन टेबलांची रांग उरकणाऱ्या बाईला त्यात उरलेला पुठ्ठा दिसतो, आणि खरोखरचा उरलेला पुठ्ठा त्याच्या शेजारीच पडलेला असतो. तुझ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठे कापायचं आणि कुठे नाही, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. टेबलाकडे बघून ते कुणालाच कळत नाही.

म्हणून पहिलं काम: कितीही कच्चं असलं तरी मॉडेलला बैठक दे. माउंट बोर्डाचा किंवा ५ मिमी फोम बोर्डाचा तुकडा, मॉडेलपेक्षा चारी बाजूंनी ३-४ सेंटिमीटर मोठा. बैठकीवरची वस्तू ‘कुणीतरी ठेवलेली’ दिसते, नुसती पडलेली वस्तू ‘पडलेली’ दिसते. एवढ्यानेच निम्मा धोका टळतो. बैठकीच्या पुढच्या कडेला पेपर टेपची पट्टी लावून त्यावर परमनंट मार्करने मराठीत लिही: नाव, टेबल क्रमांक, आणि ‘टाकू नका, अमुक तारखेपर्यंत’. तारीख गाळू नकोस. बिनतारखेच्या चिठ्ठ्या दिवाळीपर्यंत सगळ्या स्टुडिओभर होतात आणि मग त्यांना कुणी जुमानत नाही. तारीख उलटली की मॉडेलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि ते स्वतःच्या हाताने मोडायचं. पारदर्शक टेप वापरू नकोस, दमट हवेत ती सुटते आणि त्यावर शाईही नीट धरत नाही.

मावशींना वाचता येतच असेल असं धरून चालू नकोस. वर्गाने मिळून एक रंग ठरवा. केशरी कार्डशीटचा चौकोन ज्याच्या शेजारी, त्याला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना एकदा समोर उभं राहून सांगा. तेव्हाच विचारून घ्या, झाडलोट कुठल्या वारी, किती वाजता, आणि कुठल्या रॅकवरचं त्या कधीच हलवत नाहीत. जमिनीवर ठेवलेलं काहीही, कितीही केशरी असलं तरी, झाडूच्या वाटेत येतंच. मॉडेल टेबलाच्या पातळीला किंवा वर.

आणि हो, पुणेरी पाटी लिहायचा मोह आवर. ‘दुसऱ्याचे कष्ट कचऱ्यात टाकणाऱ्यांनी स्वतःच्या कष्टाचाही विचार करावा’ वगैरे. मावशींना त्याचा उपयोग नाही आणि शेजाऱ्याला तेवढाच राग येतो.

याची दुसरी बाजू तुझ्याकडे आहे. जे टाकायचं ते खरंच टाक. टेबलाखाली उरल्यासुरल्या तुकड्यांसाठी एकच खोकं ठेव. पोस्टकार्डापेक्षा मोठा तुकडा खोक्यात, लहान असला की कचऱ्यात. खोकं भरलं की निवडायचं, दुसरं खोकं आणायचं नाही. कचऱ्याचा डबा ओसंडून वाहत असला की त्याच्या हातभर परिघातलं सगळंच कचरा ठरतं, मग तिथे तुझं मॉडेल असो की कुणाची चप्पल.

पात्याचे तुकडे मात्र त्या डब्यात चुकूनही जाऊ देऊ नकोस. या शहरातला कचरा आजही माणसं हाताने वेगळा करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ साली उभी राहिली ती याच माणसांची. जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घे, झाकणाला चीर पाड, मोडलेली पाती त्यात टाकत जा. बाटली भरली की झाकणावर टेप गुंडाळून ‘पाती आहेत’ असं मोठ्या अक्षरात लिही आणि वर्कशॉपच्या भंगारात दे. बाटली नसेल तर निदान पात्याला टेपचे चार-पाच वेढे दे. आणि गोंद न लागलेला कोरडा पुठ्ठा वेगळा बांधून ठेवलास तर वेचकांना त्याचे पैसे मिळतात. फेविकॉल आणि थर्माकोल चिकटलेल्या पुठ्ठ्याचं काही येत नाही.

आता चरे. सनमायका म्हणजे टेबलाच्या पाठीवरचा साधारण १ मिमी जाडीचा थर. कटर त्यात एकदा रुतला की ती रेघ कायमची. नुसतं दिसायला वाईट इतकंच नाही: पुढच्या वेळी पातं त्याच रेघेत घसरतं आणि कट वाकडा जातो. खोल चऱ्यातून पाणी खाली शिरलं आणि खाली पार्टिकल बोर्ड असला तर तो फुगतो. फुगलेला बोर्ड परत बसत नाही.

उपाय स्वस्त आहे. तुमची टेबलं बहुधा ४ बाय २ फुटांची असतील, तरी मोजून घे. ८ बाय ४ फुटांच्या एका ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) शीटमधून असे बरोबर चार तुकडे निघतात, म्हणजे चार जणांत एक शीट. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बाजूला घेतलीस तर तिथेच कापून मागायची. घरी आणून हाताने कापत बसू नकोस, कड सरळ येत नाही. हा तुकडा टेबलावर टाकून चारी कडांना पेपर टेप लाव. ती पाणी रोखते आणि हाताला कुसही लागत नाही. तुकडा खिळ्याने ठोकायचा नाही, मागच्या दोन कोपऱ्यांना सी-क्लॅम्प पुरतो. वर्ष संपलं की काढून टाकायचा, खालची सनमायका जशीच्या तशी.

पण एमडीएफ हे चिलखत आहे, कटिंग मॅटची जागा ते घेत नाही. एमडीएफवर पातं लवकर बोथट होतं. ए-२ मॅट साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरची, म्हणजे तुझ्या टेबलाची निम्मी लांबी तिने व्यापली. तेच बरं. अर्धं टेबल कापण्याचं, अर्धं लॅपटॉप आणि शीटचं, आणि मध्ये टेपची एक रेघ. ओला गोंद रेघेच्या पलीकडे जात नाही. मॅट कधी उभी टेकवून ठेवू नकोस, खिडकीच्या उन्हात तर नाहीच. उष्णतेने ती वाकते आणि वाकलेल्या मॅटवर पट्टी बसत नाही. गरम चहाचा कप आणि ग्लू गनचं तोंड तिला तितकंच घातक.

कापायला स्टीलची पट्टी. ॲक्रिलिकच्या पट्टीची कड पातं सोलून काढतं, आणि पुढच्या महिन्यात तीच खडबडीत पट्टी घेऊन तू रेघा ओढत असतेस. पट्टीच्या मागे कॉर्कचा थर नसेल तर पेपर टेपच्या दोन पट्ट्या लाव, म्हणजे घसरत नाही. ५ मिमीचा बोर्ड एका दमात कापायचा नसतो. पहिला हात फक्त वरचा कागद चिरायला, दुसरा फोमपर्यंत, तिसरा खालच्या कागदातून पार. कडा फाटक्या येतात त्या बहुतेक वेळा बोथट पात्यामुळे. ९ मिमीच्या कटरचं एक टोक मोठ्या शीटभर पुरलं म्हणजे पुष्कळ झालं, मग ते मोडायचं. मोडताना पक्कड वापर आणि पात्याचं तोंड स्वतःपासून लांब ठेव. हे मोडायचं पातं १९५६ साली ओसाकात निघालं, चॉकलेटच्या वडीसारखं रेघेवर मोडणारं. इतकी साधी सोय हाताशी असताना आपल्याकडे एकच टोक दोन सबमिशन वापरतात, का ते कळत नाही.

शेजाऱ्याशी आजच बोल, सबमिशनच्या आदल्या रात्री नको. त्या रात्री कुणीच कुणाचं ऐकत नसतं. ‘माझं टेबल’ या शब्दाने सुरुवात करू नकोस. “अरे, जागा लागली तर घे, पण मॅट टाकूनच काप, आणि साडेनऊला मला रिकामं करून दे.” जागा, अट आणि वेळ, तिन्ही एका वाक्यात आली. तो ऐकेल, कारण त्याचंही टेबल तपासलं जाणार आहे. मित्र आहे म्हणून तू गप्प बसलीस, तर वर्षअखेरीला डिपॉझिटही जाईल आणि मैत्रीही. त्यापुढे जाऊन शिक्षकांना सुचव: खिडकीजवळचं एक जुनं टेबल सगळ्यांसाठी कटिंगचं करा, वर दोन मोठ्या मॅट आणि एक पात्यांची बाटली. तिसाच्या वर्गात तीस जण एकाच वेळी कापत नाहीत.

जे चरे पडलेत त्यांचं काय? उथळ असतील तर साबणाच्या पाण्याने धूळ काढ, पूर्ण वाळू दे, मग सनमायकाच्या रंगाच्या जवळची मेणाची कांडी चऱ्यात घास आणि जुन्या एटीएम कार्डाने जादा मेण काढून टाक. रेघ दिसेनाशी होते, भरून येत नाही. लपवायला करू नकोस, पाणी शिरू नये म्हणून कर आणि तपासणीत तसं सांग. खोल चरे असतील तर नवी सनमायका चिकटवणं हे सुताराचं काम आहे. तो खर्च तुझ्या एकटीचा नाही.

डागांचं थोडक्यात. वाळलेल्या फेविकॉलवर कोमट पाण्याचं फडकं वीसेक मिनिटं ठेव, मग प्लास्टिकच्या कार्डाने खरवड. मार्करला सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. ग्लू गनचा गोळा सुटत नसेल तर त्याच्या कडेला अल्कोहोलचे दोन थेंब सोड, तो उचलून येतो. टेपचा चिकटपणा नीलगिरीच्या तेलाने जातो, नंतर साबणाने पूस. फेविक्विकला ॲसिटोन लागतं, पण थेंबभरच, आणि टेबलाच्या कडेपासून लांब, नाहीतर कडेच्या पट्टीचा गोंद सुटतो. फेविक्विक सांडलं तर कापसाने किंवा सुती फडक्याने टिपू नकोस. सुताशी त्याची झटकन क्रिया होते, इतकं तापतं की बोट भाजतं आणि कधी धूरही निघतो. वाळू दे, मग बघ.

विजेकडे जरा लक्ष दे. साध्या एक्स्टेंशन बोर्डाला ६ ॲम्पिअरचा प्लग असतो. २३० व्होल्टला गुणलं तर जास्तीत जास्त १३८० वॅट. लॅपटॉपचा चार्जर ६५ ते ९० वॅट, लहान ग्लू गन २० ते ४०, म्हणजे दोन-तीन जण आरामात एका बोर्डावर. पण हीट गन किंवा चहाची किटली एकटीच १५०० च्या पुढे जाते. ती भिंतीच्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटलाच लावायची. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी माळ ओढली की पहिल्या प्लगची पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं. असा पिवळा प्लग दिसला तर तो बोर्ड बदलायला दे. टेप लावून वापरू नकोस.

पावसाळा. शीट वाकते ती एक बाजू दुसरीपेक्षा जास्त ओल घेते म्हणून. टेबलाला चिकटून पडलेल्या कागदाला खालून हवा लागत नाही, वरून लागते, मग शीट वाकते. शीट दोन बोर्डांच्या मध्ये सपाट ठेव, वर वजन. गुंडाळायचीच असेल तर रेखाटन बाहेरच्या बाजूला येईल अशी गुंडाळ. उलगडून लावल्यावर कडा भिंतीकडे वळतात, तुझ्याकडे उठून येत नाहीत. आतल्या बाजूला रेखाटन ठेवून गुंडाळलेली शीट ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, वेळी दर दोन मिनिटांनी परत गुंडाळली जाते, हे तू पाहिलं असशीलच. बोर्ड वाकतो त्याला फेविकॉल जबाबदार: एका बाजूला भरपूर पाणीदार गोंद लावला की ती बाजू आधी फुगते आणि वाळताना आकसून बोर्डाला ओढते. गोंद पातळ पसर, आणि मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा कागद त्याच गोंदाने लाव. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की बोर्ड सरळ राहतो. वर बटर पेपर टाकून रात्रभर पुस्तकांखाली दाब.

लॉकरच्या वासावर लोक सिलिका जेलच्या पुड्या सुचवतात. दिवसात दहादा उघडणाऱ्या पत्र्याच्या कपाटात त्या दोन दिवसांत निकामी होतात. वास येतो तो ओल्या रेनकोटाचा, बुटांच्या पिशवीचा आणि डब्यातल्या उरलेल्या पोळीचा. या तीन गोष्टी आत ठेवणं बंद कर, आठवड्यातून एकदा दार तासभर उघडं टाक, मागच्या पत्र्याला चिकटून काही लावू नकोस. पुठ्ठ्याचं खोकं तळाला ठेवशील तर कसर आणि झुरळं घर करतात. प्लास्टिकचा डबा ठेव आणि जमिनीजवळचा कप्पा असेल तर त्याखाली दोन लाकडी पट्ट्या घाल. स्टीलची पट्टी आणि कटर कोरड्या फडक्याने पुसून ठेव. शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवलास तर वापरण्याआधी तो पूर्ण पुसून काढ, नाहीतर पहिली शीट तेलकट. थिनर, स्प्रेचे कॅन आणि एसआर (रबरी गोंद) हा जळाऊ माल लॉकरमध्ये नकोच. त्याची जागा वर्कशॉपच्या कपाटात.

काही कामं तुझ्या टेबलावर होऊच नयेत, कितीही घाई असली तरी. एमडीएफ घासायचं काम वर्कशॉपमध्ये, मास्क लावून. ती बारीक धूळ शेजाऱ्याच्या लॅपटॉपच्या पंख्यात आणि सगळ्यांच्या फुफ्फुसात जाते. क्लोरोफॉर्मने ॲक्रिलिक जोडायचं तर हवा खेळती असेल तिथे, बंद एसी खोलीत नाही. स्प्रे गच्चीवर, आडोशाला खोकं धरून, आणि जुलैत तर दोन सरींमधल्या कोरड्या वेळातच. दमट हवेत लॅकर वाळताना पांढरट पडतो आणि पुन्हा मारावा लागतो. थर्माकोलवर थेट स्प्रे मारलास की तो विरघळून खड्डे पडतात, आधी फेविकॉलचा पातळ हात दे आणि वाळू दे. सनबोर्डाबद्दल एक सूचना: दुकानात त्याच नावाने कधी फोम पीव्हीसी मिळतो, कधी कागदाच्या दोन थरांतला फोम बोर्ड. पीव्हीसी लेझरने कापायच्या यंत्रावर कधीच लावायचा नाही. त्यातून क्लोरीनयुक्त आम्लधर्मी वायू निघतो, तो घशालाही वाईट आणि यंत्रालाही. कडेला नख लाव. कागद सुटून येत नसेल, सगळी शीट एकसंध असेल, तर लेझर चालवणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय यंत्राकडे जाऊ नकोस.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. पीओपी पाण्याखालीही घट्ट होतो, आणि पाइपात घट्ट झाला की पाइप कापावा लागतो. दोन बादल्या घे. पहिलीत हात आणि भांडी खळबळायची, दुसरीत स्वच्छ धुवायची. रात्रभर ठेवली की तळाला गाळ बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं, घट्ट गाळ कचऱ्यात. गुरुवारी पाणी बंद असेल तर पीओपीचं काम काढूच नकोस, अर्धवट धुतलेली बादली म्हणजे दुसऱ्या दिवशी दगड.

रोज उठताना दहा मिनिटं राखून ठेव. आधी पाती आत, मग गोंदाची झाकणं. फेविक्विकचं तोंड टिश्यूने पुसून बाटली उभी, फेविकॉलच्या नोझलमध्ये टाचणी. ग्लू गनचा प्लग काढून ती फरशीच्या तुकड्यावर पंधरा मिनिटं गार होऊ दे, निघताना रॅकवर, म्हणून हे काम खरं तर सगळ्यात आधी कर. मग मॅट पुसायची, चिठ्ठ्यांच्या तारखा बघायच्या, खुर्ची आत.

डिपॉझिटचं काम उद्या सकाळी उरक. चांगल्या उजेडात टेबलाचे फोटो काढ: वरून एक, चारी कडांचे चार, आणि प्रत्येक मोठ्या चऱ्याचा पट्टी शेजारी ठेवून जवळून एक. लॉकर उघडून आतलाही, कुलूप आणि कडीसकट. तारखेसकट हे सगळं स्टुडिओ सांभाळणाऱ्या मामांना मेल कर किंवा त्यांच्या रजिस्टरात दोन ओळी लिहून सही घे: आजच्या तारखेला टेबलाची अवस्था अशी, पैकी हे चरे शेजारच्या टेबलावरचं काम इथे झाल्याने पडलेले. ही ओळ लिहिण्याआधी शेजाऱ्याला दाखव, जमलं तर त्याचीही सही घे. पाठीमागे तक्रार गेली असं त्याला वाटायला नको, आणि खर्च वाटून घ्यायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो. वापराने पुसट झालेला सनमायका, किंचित सैल पाय ही झीज समजतात. चरे, जळके डाग, फुगलेली कड हे नुकसान. पाय सैल असेल तर मामांना आत्ताच सांग, ॲलन की घेऊन दोन मिनिटांत होतं. मे महिन्यात टेबल रिकामं केलंस की मामांबरोबर उभी राहून ते तपासून घे, आणि लॉकरची किल्ली परत दिल्याची पावती घेतल्याशिवाय घरी जाऊ नकोस.